पाठीवर पडले त्या दिवशी

चाळिशी ओलांडल्यावर मी ज्युदो शिकायला लागले. नवरा जाऊन दीड वर्ष झालं होतं आणि मुलगी शिकायला पुण्याला गेली होती. बडोद्यात, हरणीच्या फ्लॅटमध्ये मी एकटीच. शाळेत दिवसभर पोरांना गणित शिकवायचं, घरी आलं की दुसऱ्या सकाळपर्यंत कुणाशी शब्द नाही. सोसायटीच्या बायका जिन्यात "केम छो" विचारत. मी "मजामां" म्हणून दार लावून घेई.

ज्युदोच्या सरांनी पहिले दोन महिने मला नुसतं पडायला लावलं. मागे, कुशीवर, पुढे. हनुवटी छातीला, हात गादीवर आपटायचा. वर्गातल्या कॉलेजच्या मुली कौतुकानं बघत. जोडी मात्र आपापसात लावत.

मग माझ्याच वयाची एक गुजराती बाई आली. अलकापुरीत तिचं औषधांचं दुकान होतं. सरांनी आमची जोडी लावली. तिनं माझी कॉलर आणि बाही घट्ट धरली, आणि माझे डोळे भरून आले. नवरा गेल्यापासून मला कुणी धरलंच नव्हतं.

"वाग्युं?" तिनं विचारलं. लागलं का?

"नाही."

"तो चालो," म्हणत तिनं मला उचलून आपटलं.

वर्षभर आम्ही एकमेकींना आपटत राहिलो. मग गुडघा दुखावला म्हणून तिनं खेळ सोडला. मी सोडला नाही. वयस्कांच्या गटात स्पर्धेलाही नाव दिलं. समोर वलसाडची एक ठेंगणी बाई होती. अर्ध्या मिनिटात मी पाठीवर होते. उठले, वाकून नमस्कार केला आणि कडेच्या एका रिकाम्या बाकावर जाऊन बसले. इतक्या लोकांसमोर हरले होते, तरी लाज कशी ती वाटत नव्हती. फक्त सांगायला जवळ कुणी नव्हतं.

मुलीला फोन लावला. दर रविवारी मी तिला सगळं छान आहे म्हणून सांगत असे.

"मी हरले गं," म्हटलं. "आणि मला इथे फार एकटं वाटतं."



"आई, मलापण," ती म्हणाली. "तुला त्रास नको म्हणून बोलले नाही."

त्या दिवशी आम्ही तासभर बोललो. तिच्या बाबांबद्दलही, पहिल्यांदाच.