नंदनवनातलं तिकीट

नागपूरला उतरलो तेव्हा स्टेशनवर ताई आली नव्हती. ती तिकिटाच्या मागे होती, म्हणजे महापालिकेच्या निवडणुकीच्या. नंदनवनातल्या तिच्या प्रभागात उमेदवार कोण, हे या खेपेला सभासदांनीच मत देऊन ठरवावं, असं तिच्या पक्षानं जाहीर केलं होतं.

रिक्षा गल्लीच्या तोंडाशीच थांबली. दोन्ही बाजूंना मोटारी. आरशांना धक्का न लावता, बॅग डोक्यावर घेऊन मी घर गाठलं.

भाऊजींनी तर्री पोहे (वरून लाल जाळ रस्सा ओतलेले पोहे) पुढ्यात ठेवले. पहिल्याच घासाला ठसका लागला.

"नळ सोडा," भाऊजी म्हणाले. "तुमच्या ताईनंच आणलं ते पाणी."

खरंच होतं ते. पूर्वी या गल्लीत नळाला करंगळीएवढी धार यायची. ताईनं चार वर्षं पाणीखात्याच्या पायऱ्या झिजवल्या, तेव्हा कुठे नवी पाइपलाइन पडली. त्याच भरवशावर ती उभी होती. विरुद्ध होते टाइल्सचे दुकानदार रमेशभाऊ. चार वर्षांत लोकांना ते दिसले, ते फक्त गणपतीच्या बॅनरवर.

दुपारी ताईबरोबर सभासदांच्या घरी प्रचाराला निघालो. पहिल्याच घरासमोर गजूभाऊ नळीनं नवी मोटार धूत होते.

"पाणी येऊन राहिलं ना, भाऊ?" ताईनं विचारलं.

"एक नंबर, ताई! तुमचीच कृपा."

"मग मत?"

"पाणी तं आलं ना ताई. आता गाडी लावाची कुठं, हा मुद्दा होऊन राहिला. रमेशभाऊ तीन मजली पार्किंग आणून राहिले."

"जागा कुठं आहे?" मी विचारलं.

"जागेचं मंग पाहू," म्हणत त्यांनी मागच्या चाकावर पाणी सोडलं.

पुढच्या घरी शांताबाईंनी सांबारवडी (इकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात) खाऊ घातली. ताईच्या पाठीवरून हात फिरवत त्या म्हणाल्या, "पाण्यापायी पहाटे चारले उठत होती मी. तुह्यामुळं झोप भेटली वं! पण आता त्या झोपेत कुत्रे भुकतात. रमेश म्हणते, कुत्र्यायचा बंदोबस्त करतो."

ताई हसली.

रविवारी मंगल कार्यालयात मतदान झालं. रमेशभाऊ दणक्यात जिंकले. गजूभाऊंनी आधी त्यांना हार घातला, मग ताईला म्हणाले, "ताई, काम तुमचंच खरं!"

घरी येऊन ताई नळ पूर्ण सोडून बराच वेळ तोंड धूत राहिली.

जेवताना भाऊजी मला हळूच म्हणाले, "खरं सांगू? पार्किंग मलेही पाहिजे होतं. पण जेवाचं घरीच आहे ना!"

ताईनं ऐकलं होतं. तिनं त्यांच्या ताटात एक पोळी जास्त वाढली.

निघताना ती स्टेशनवर आली. मी काही समजावायला जाणार, तोच म्हणाली, "पुढच्या खेपेले अर्ध्याच गल्लीत पाणी आणीन गा. बाकीचे अर्धे तरी मत देतील."

सांगलीला घरी पोहोचल्यावर चहा घेता घेता बायकोला सगळी हकिकत सांगितली. ती फार चिडली. किती कृतघ्न माणसं, म्हणाली. मलाही तसंच वाटत होतं.

मग मी विचारलं, "आपलं तुंबलेलं गटार गेल्या वर्षी कुणी दुरुस्त करून दिलं गं?"

तिनं बराच वेळ आठवून पाहिलं. मीही पाहिलं. नाव काही सापडलं नाही. कोपऱ्यावरचा दिवा बंद आहे, एवढं मात्र दोघांनाही पक्कं ठाऊक होतं.