साखर उतरली म्हणून वाटलेले पेढे

मामा गेल्याचा फोन आला तेव्हा मी तिरुपूरला, बनियनच्या कारखान्यात शिलाईवर होतो. मामी एवढंच म्हणाली, "बाबू, सुटले रे तुह्ये मामा." रडू आलं, पण आतून हलकंही वाटलं, ते लपवत नाही. आठवड्यातून दोनदा डायलिसिससाठी मोहगावहून नागपूर, चार-चार तास मशीनला सुया लावून पडून राहणं, तहान लागली तरी घोटभरच पाणी... ते सगळं संपलं.

आठवीत शाळा सुटली तेव्हा याच मामांनी मला संत्र्याच्या पेट्या भरायला शिकवलं, पुढे ओळखीतून इकडे कामाला लावलं. त्यांना साखर आणि बीपी, दोन्ही बरीच वर्षं. साखरेची गोळी घ्यायचे. बीपीची मात्र डोकं दुखलं तरच. मग एका वर्षी काही पथ्य न करता साखर आपोआप उतरली. मामा इतके खूश, की हनुमानाच्या देवळात पेढे वाटले, दोन स्वतःही खाल्ले. पाय सुजले होते, ते दिवसभर उभं राहून असेल म्हणून सोडून दिलं. नागपूरच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, की किडनी थकली म्हणजे साखरेचं औषध अंगातून लवकर निघत नाही, म्हणून आकडा खाली येतो. साखर आणि बीपीनं मिळून किडनीच्या बारीक नसा कधीच खराब केल्या होत्या. आम्ही पेढे खाल्ले ते याचे.

डायलिसिसच्या खाटेवरून ते मला फोन करायचे. माझीही साखर आणि बीपी दोन्ही वाढल्याचं कारखान्यातल्या तपासणी शिबिरात निघालं होतं.

"गोळ्या घेतं का बे?"

"डोकं तं नाही दुखत, मामा."

"माह्यं कुठं दुखत होतं? लघवी तपासली?"

"तपासतो ना."

"तीन महिने झाले, तू तपासूनच राहिला!"

खरं म्हणजे मी भीत होतो. कागदावर तेच निघालं तर... बायको, दोन लेकरं, परका मुलूख. मामा विचारत गेले, मी टाळत गेलो.

तेरवीला आलो, तर दुसऱ्या दिवशी मामीनंच हाताला धरून पांढुर्ण्याला दवाखान्यात नेलं. रक्त दिलं, लघवी दिली, संध्याकाळपर्यंत बाकावर बसून राहिलो. डॉक्टरबाईंनी कागद पाहिला. लघवीतून थोडं प्रोटीन जातंय, पण किडनी अजून नीट काम करते. गोळ्या रोज, डोकं दुखो न दुखो, आणि मीठ कमी. "वेळेवर आलात," म्हणाल्या. मामी तिथंच रडली... मीही.

घरी येऊन तिनं वरण टाकलं. मिठाआधी एक वाटी बाजूला काढली, मामांसाठी तीन वर्षं काढत होती तशीच, आणि वाटीकडे पाहत थांबली. मग ती माझ्या ताटात सरकवली.

"घे. आठ दिवसांत सवय होते. तुह्ये मामा तं पहिल्या दिवशी वाटी घेऊन शेजारी मीठ मागाले गेले होते!"

दोघंही हसलो. मी वाटी पुसून खाल्ली. आता तिरुपूरच्या खोलीत बायकोही मिठाआधी एक वाटी काढते.