दिवाळीला संपणारं वर्ष

रुद्राणीच्या दाराबाहेर आता ‘मुख्याध्यापिका’ अशी पाटी आहे. ही पाटी तिला हवी होती. त्यासाठी तिनं शाळा-व्यवस्थापनाची पदविका टपालानं अभ्यास करून घेतली आणि दोन उन्हाळ्यांच्या सुट्ट्या त्यात घातल्या. पाटी मिळाली, पण ज्या शाळेसाठी तिनं हे सगळं आरंभलं होतं तिच्या दोन खोल्यांना कुलूप आहे. या दोन्ही गोष्टी एकाच कागदानं केल्या. तो कागद तयार होत होता तेव्हा मी शेजारी बसून चहा पीत होतो, म्हणून हे लिहायला मीच बसलो आहे.

मी बंकट. तंबू नाटकाच्या कंपनीत एकतीस वर्षं काढली. प्रधान झालो, सावकार झालो, विदूषक तर किती वेळा झालो त्याची मोजदाद नाही, आणि मुख्य नटाला ताप आला त्या रात्री राजाही झालो. गुडघे गेले तेव्हा चौसाळ्याला परतलो. कल्याणरावांच्या किराणा दुकानापुढच्या बाकावर माझी संध्याकाळ जाते. कपाळावर विभूती लावून गल्ल्यावर बसलेला हा माझा शाळेतला मित्र, आणि रुद्राणी त्याची धाकटी मुलगी. रोज सकाळी काळी-पिवळी जीपनं फाट्यापर्यंत आणि तिथून दोन किलोमीटर चढ चालून ती बरडवस्तीच्या शाळेत जायची.

शाळा कसली, एका शिक्षण संस्थेची शाखा होती ती. पाचवी, सहावी, सातवी, दोन खोल्या, दोन शिक्षक आणि एक्केचाळीस मुलं. मुख्य शाळा नऊ किलोमीटर खाली. जुने मुख्याध्यापक निवृत्त झाले आणि रुद्राणीकडे शाखेचा प्रभार आला. वस्तीवरची बहुतेक घरं ऊसतोडीला जाणारी. वर्ग वस्तीवरून उठले तर या घरांतली मुलं चौथीनंतर घरीच बसतील, नऊ किलोमीटर उतरून कुणी जाणार नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं. काहीही होवो, वर्ग वर राहिले पाहिजेत, एवढंच ती धरून होती.

अडचण अशी की दसरा झाला की टोळ्या निघायला लागायच्या आणि दिवाळीपर्यंत सगळ्या गेलेल्या असायच्या. एक्केचाळीसपैकी सव्वीस मुलं आईबापांबरोबर जायची ती गुढीपाडव्यानंतर परतायची. आणि वार्षिक नियोजन मात्र सगळीकडं एकच, जून ते एप्रिल. डिसेंबरात अपूर्णांक, जानेवारीत शेकडेवारी. ज्यांना ते शिकवायचं ती मुलं तेव्हा कुठल्या तरी कारखान्याच्या शिवारात कोपीत, पाचटाच्या झोपडीत, असायची. हजेरीपटावर मात्र ती वर्गात असायची. तशीच पद्धत होती. दुसरे शिक्षक प्रविण सर हसून म्हणायचे, “मॅडम, हजेरीत खरं लिवू नका. खरं लिवायला डायरी असती.”

त्या वर्षी तिनं मला स्नेहसंमेलनाचं नाटक बसवायला वर नेलं. संमेलन जानेवारीत धरलेलं. मी विचारलं, जानेवारीत इथं असणार कोण? तिनं यादी काढली. राजा जाणार होता, राणी जाणार होती, प्रधान जाणार होता. राहणार होते दोन द्वारपाल आणि एक झाड. मी म्हटलं, पोरी, द्वारपालांनी कुणासाठी दार उघडायचं? ती हसली आणि संमेलन नवरात्रात घेतलं.

त्या तालमींच्या दिवसांत व्हरांड्यात बसून ती मला कंपनीच्या गोष्टी विचारायची. एकदा म्हणाली, “काका, समदे नट एका वखताला हजर नसले तर नाटक बसवायचं कसं?”

“पयल्या अंकापासून तालीम आमी कदीच केली न्हाई,” मी म्हटलं. “जो हजर, त्याचा प्रवेश. एखादा उद्या गावाला जाणार असंल तर त्याचा शेवटचा प्रवेशसुदिक आज उरकायचा.”

तिनं हे एका जुन्या परिपत्रकाच्या पाठीवर लिहून घेतलं. मी आणखी एक गोष्ट सांगितली होती. तालमी लागायच्या आधी आमचे मालक अख्खं नाटक सगळ्यांपुढं वाचायचे. नट तर असायचेच, पण आचारी, बत्तीवाला, तंबूचे खुंटे ठोकणारे, सगळ्यांना बसवून. कुणाला माफी नव्हती. एकदा आचाऱ्यानंच सांगितलं होतं की चौथ्या अंकातली विधवा एवढ्या लवकर रडायची थांबणार नाही, आणि मालकांनी तो प्रवेश बदलला होता. पण हे मी उठता उठता, चप्पल शोधत सांगितलं. महत्त्वाची गोष्ट प्रेक्षक उठायला लागल्यावर सांगायची नसते, हे नटाला तरी कळायला हवं होतं.

पुढच्या जूनमध्ये तिचा कागद तयार झाला. पदविकेसाठी एका शाळेचं नियोजन लिहून द्यायचं होतं, तिनं आपल्याच शाळेचं लिहिलं. दोन वर्षं आखलेली होती. एक ‘जाणाऱ्यांचं वर्ष’, जून ते दिवाळी. एक ‘राहणाऱ्यांचं वर्ष’, जून ते एप्रिल. शेजारी बसून कुणी शिकवल्याशिवाय जे येत नाही ते सगळं दिवाळीच्या आत ओढलेलं. अपूर्णांक, शेकडेवारी, पत्रलेखन, इंग्रजीचं वाचन. इतिहास, भूगोल, कविता मागं टाकलेल्या. जाताना प्रत्येकाला एक वही, तिच्यात हातानं काढलेला स्वाध्याय. रविवारी दुपारी टोळीच्या मुकादमाच्या फोनवर मुलांशी बोलायचं. आणि पाडव्यानंतर मुलं परतली की राहिलेल्या पंधरा मुलांनी त्यांना मागचं शिकवायचं, प्रत्येकाला एक जोडीदार ठरवून दिलेला.

हे चाललं. मी पाहिलंय. वस्तीवरच्या कौशल्याबाईंची मुलगी वैष्णवी तेव्हा पाचवीत होती. तिनं कोपीवरून बाईंना पत्र धाडलं. त्या घरातून टपालात पडलेलं पहिलं पत्र. लिहिलं होतं, “इथे एक नदी आहे. ती भूगोलातली आहे का दुसरी आहे ते कळवावे.” रुद्राणीनं ते पत्र दुकानात आणून वाचून दाखवलं तेव्हा कल्याणराव गिऱ्हाइकाला साखर घालताना थांबले होते.

त्या नियोजनात एक रकाना होता, महिनावार हजर मुलांचा. नोव्हेंबर ते मार्च, प्रत्येक महिन्यापुढं तिनं ‘पंधरा’ लिहिलं. प्रविण सरांनी तेव्हाही सांगितलं होतं की तेवढा एक रकाना गाळा. ती म्हणाली, तो गाळला तर बाकीच्या कागदाला अर्थ काय उरला?

पुढच्या वर्षी संस्थेनं मुख्याध्यापक होऊ पाहणाऱ्या शिक्षकांसाठी तीन दिवसांचं शिबिर घेतलं. सहा शाळांमधून अठरा जण आले होते. मला आवाजाच्या तासाला बोलावलं होतं, घसा न ताणता शेवटच्या बाकापर्यंत कसं पोचायचं ते शिकवायला. दुसऱ्या दिवशी रुद्राणीनं आपलं नियोजन वाचलं. मी मागच्या बाकावर होतो. तिचा आवाज छान पोचत होता. टाळ्या झाल्या, आणि त्या खऱ्या होत्या. खऱ्या टाळ्या मला कळतात. संस्थेचे अध्यक्ष अर्जुनराव पुढच्या खुर्चीवर होते. त्यांनी कागदाची एक प्रत मागून घेतली आणि घडी घालून खिशात ठेवली.

अर्जुनराव वाईट माणूस नाही, हे मला लिहायलाच हवं. शेती मोठी, राजकारण मोठं, पण शिक्षकाच्या घरी कुणी आजारी पडलं तर गाडी त्यांचीच जाते. दोन महिन्यांनी त्यांनी रुद्राणीला बोलावलं, बसायला खुर्ची दिली, ताक दिलं. मग ती प्रत टेबलावर उलगडली.

“बाई, पाच महिने पंधरा पोरं आन् दोन मास्तर. हे मी न्हाई म्हणत, तुमचाच कागद म्हणतो. उद्या तपासणीत कुणी बोट ठेवलं तर दोन्ही जागा जातील. त्यापरीस आपणच वर्ग खाली आणू.”

मुलांना आणायला जीप देऊ, म्हणाले. आणि खालच्या शाळेचे मुख्याध्यापक निवृत्त होत होते, ती जागा तिला. असं नियोजन करणारा माणूस मोठ्या शाळेतच शोभतो, असंही म्हणाले. त्यांच्या मनात तो तिचा सन्मानच होता. तिनं एक वर्ष मागितलं. त्यांनी मान हलवली, ती नकाराची होती.

वस्तीला सांगायला ती गेली तेव्हा मला सोबत नेलं. एकटीनं जायचा धीर झाला नाही. टोळ्या परतल्या होत्या, शाळेच्या व्हरांड्यात माणसं बसली. तिनं तो कागद पहिल्यांदा त्यांच्यासमोर वाचला. जाणाऱ्यांचं वर्ष, राहणाऱ्यांचं वर्ष, सगळं. मग वर्ग जाणार हे सांगितलं. कुणी ओरडलं नाही. एका म्हाताऱ्यानं विचारलं की जीप पावसात चढती का. मग कौशल्याबाई बोलल्या.

“बाई, एक इचारू का? तुमी आमच्या जायाचं समदं मांडलं. ऱ्हायाचं कावून न्हाई इचारलं?”

रुद्राणीला कळलं नाही.

“माजी सासू घरीच असती. अंगदची म्हातारी हाय. अभिमन्यूची आजी हाय. शाळा जायाची व्हती हे कळलं असतं तर आमी पोरं ठिवून गेलो असतो. समदे न्हाई, पण आठ-धा घरं तरी. आमाला वाटायचं, पोरं गेली काय आन् ऱ्हायली काय, पटावर लागतंयच की नाव.”

कौशल्याबाईंच्या बोलण्यात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. रुद्राणी कागदाकडं बघत राहिली. त्या कागदात सव्वीस घरांचं जाणं एवढं नीट बसवलेलं होतं की कुठं बदलायला जागाच नव्हती. त्या घरांना विचारायचं तिच्या मनातही आलं नव्हतं. उतरताना ती म्हणाली, “काका, तुमच्या मालकांनी आचाऱ्यालासुदिक बसवलं व्हतं.” खरंच आठ-दहा घरांनी मुलं ठेवली असती का, हे मला आजही सांगता येणार नाही. सगळं होऊन गेल्यावर थकलेली माणसं असं म्हणतात. पण विचारलं नव्हतं, तेवढं खरं होतं.

जूनमध्ये जीप सुरू झाली. राहणाऱ्या पंधरांपैकी बारा मुलं आली. जाणाऱ्या सव्वीसांपैकी चार. वैष्णवी सातवीत आलेली, अकरा दिवस आली. मग तिची लहान बहीण आजारी पडली, घरी कुणीतरी लागत होतं, आणि तिचं येणं थांबलं. रुद्राणी तीनदा वर जाऊन आली. आता ती मुख्याध्यापिका होती, तिच्या हाताखाली अकरा शिक्षक होते, दर सोमवारी संस्थेला कसले ना कसले आकडे पाठवावे लागत. चौथ्यांदा जायला तिला दिवस सापडला नाही. मी तिला सांगितलं की तुझी चूक नाही. तिनं ऐकून घेतलं, जसं माणूस पावसाचा अंदाज ऐकून घेतो.

यंदाचं शिबिर दसऱ्यानंतर दोन दिवसांनी संपलं. त्यात तिचाच कागद ‘नमुना नियोजन’ म्हणून वाटला. वस्तीचं नाव काढून टाकलेलं, तिथं नुसतं ‘एक शाळा’. तिनं तो पुन्हा वाचला. शेवटी चकलांब्याकडचा आदिनाथ नावाचा तरुण शिक्षक उभा राहिला आणि विचारलं की ही शाळा आता कशी चालली आहे.

“बंद हाय,” रुद्राणी म्हणाली.

आदिनाथ बसला नाही. त्यानं विचारलं, “मंग मॅडम, हजेरीच्या रकान्यात आमी खरं लिवावं का न्हाई?”

मी रंगमंचावर पुष्कळ थांबे घेतले आहेत. एवढा लांब थांबा कुणी घेतलेला पाहिला नाही. तिनं चष्मा काढला, पदरानं पुसला, परत घातला.

“खरं लिवा. पण संस्थेकडं धाडायच्या आदी वस्तीत वाचून दाखवा. समद्यांना बसवून. मी आदी संस्थेत वाचलं.”

सगळ्यांनी वहीत लिहून घेतलं. अर्जुनराव त्या दिवशी नव्हते.

परतताना आमची काळी-पिवळी बरडवस्तीच्या फाट्यावर थांबली. तिथं ट्रॅक्टर उभा होता, मागं दोन ट्रॉल्या. भांडी, गोधड्या, कोपीचे बांबू, एक शेळी, आणि वर बसलेली माणसं. रुद्राणीनं कौशल्याबाईंना पाहिलं आणि ती उतरली. मीही गुडघे सांभाळत उतरलो. तिच्या पिशवीत वही होती. दर दसऱ्याला ती पिशवीत वह्या ठेवतेच, ही सवय गेलेली नाही. तिनं ती वर वैष्णवीच्या हातात दिली. पोरीनं चाळून पाहिली.

“कितवीची हाय, बाई?”

“सातवीची.”

“पटावर माजं नाव हाय का पण?”

“हाय,” रुद्राणी म्हणाली.

ट्रॅक्टर निघाला. धूळ बसेपर्यंत आम्ही रस्त्याच्या कडेला उभे राहिलो. मग मी विचारलं की खरंच नाव ठेवलं आहेस का. ती म्हणाली, “ठेवलंय. रोज नावापुढं गैरहजर मांडते. पटावरून कमी न्हाई केलं.”