कुशाबांचा कौल

काळाचौकीच्या आमच्या चाळीत कुशाबांनी आयुष्यभर एकही निर्णय स्वतः घेतला नाही. गिरणी बंद पडल्यावर वॉचमनची नोकरी धरायची का, दर्शनाला सून करून घ्यायची का, फ्रिज आणायचा का, सगळं गावच्या देवाला विचारून. गुरव देवाच्या अंगाला ओल्या पाकळ्या लावतो. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. शेजारीपाजारी मागून हसायचे, मी तोंडावर हसायचो.

गेल्या श्रावणात त्यांच्या मुलाच्या, राजेशच्या स्वादुपिंडाला सूज आली. परळच्या हॉस्पिटलात नेईपर्यंत किडन्याही बसायला लागल्या. दुसऱ्या दिवशी डॉक्टर प्रिती म्हणाल्या, "एक नवं मशीन आहे, रक्तातलं विष गाळतं. अजून चाचणीच चालू आहे, खात्री देत नाही. पण ॲडमिट झाल्यापासून चोवीस तासांत लावायचा नियम आहे. म्हणजे आज चारपर्यंतच."

तेव्हा अकरा वाजले होते. दर्शनाने संमतीच्या कागदावर सही करायला पेन हातात घेतलं.

"थांब गो," कुशाबा म्हणाले. "देवाक इचारल्याशिवाय आमच्या घरात काय होना नाय."

तिने पेन ठेवलं. मीही सोबत होतो. एरवी माझं तोंड बंद नसतं, तेव्हा नेमका गप्प बसलो.

कुशाबांनी गावी फोन लावला तर गुरव तालुक्याला गेलेला. तो दोनला परतला, अंघोळ करून देवळात पोचला तीनला. व्हिडिओ कॉलवर देवाच्या छातीवरच्या पाकळ्या दिसत होत्या, पडत मात्र नव्हत्या. डॉक्टर दोनदा बाहेर येऊन गेल्या.

"बाबा, मी सही करते हो," दर्शना रडकुंडीला आली. कुशाबांनी कागदावर हात दाबून धरला.

चार वीसला उजवी पाकळी पडली.

"दिल्यान! देवान कौल दिल्यान!" अठ्ठ्याहत्तर वर्षांचा माणूस धावत आत गेला. डॉक्टरांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे बोट दाखवलं.

तिसऱ्या दिवशी राजेश गेला. "मशीनने वाचलाच असता असं नाही," डॉक्टर म्हणाल्या. चांगुलपणानेच म्हणाल्या. दर्शनाने मान वर केली नाही. मला त्या म्हाताऱ्याचा अजून संताप येतो, आणि माझाही.

मग मृतदेह ताब्यात घेण्याचा कागद आला. दर्शना पेन धरेना. कुशाबांनी कागद स्वतःकडे ओढला आणि सही केली, कोणालाही न विचारता.