डोकी उघडणारा मामा

माझा मामा पंचवीस वर्षं मेलेल्या जनावरांची डोकी उघडत होता. सरकारी प्रयोगशाळेत मदतनीस. रानातून बर्फाच्या डब्यात डोकं यायचं, मामा हातमोजे चढवून कवटी कापायचा, मेंदूचा तुकडा साहेबांपुढे ठेवायचा. रेबीज आहे की नाही ते साहेब सांगायचे. सहीही साहेबांचीच.

घरी आला की कानीकपाळी तेच. रेबीज काय फक्त कुत्र्यांनाच होतो? कोल्ह्याला होतो, मुंगसाला होतो. रानातलं जनावर दिवसाढवळ्या न घाबरता माणसाजवळ आलं, की काय ते समजायचं. नुसता ओरखडा असला तरी साबण लावून पंधरा मिनिटं धुवायचा आणि त्याच दिवशी लस टोचून घ्यायची. जेवतानासुद्धा हेच. आम्ही सगळं हसण्यावारी न्यायचो. मी त्याची नक्कल करायचे आणि मामी सगळ्यांत जास्त हसायची.

एका दुपारी मी त्यांच्याकडे होते. मामी मागच्या दारी वाळलेले कपडे काढत होती. एक मुंगूस सरळ तिच्या अंगावर धावून आलं, घोट्याला चावलं आणि पळालं. दोन बारीक दात लागले होते. तिने पायावर तांब्याभर पाणी ओतलं आणि वर मोजा चढवला.

"यांना सांगू नकोस हं," ती म्हणाली. "महिनाभर पुराण ऐकावं लागेल."

"आधी मुंगसाचं डोकं आणा म्हणेल मामा," मी म्हटलं. दोघी पोट धरून हसलो.

दीड महिन्याने त्या घोट्याला मुंग्या यायला लागल्या, मग ताप. मामाने पाण्याचा पेला पुढे केला तर तिचा घसाच आवळला. मामा पेला धरून तसाच उभा राहिला. त्याला कुणी काही सांगावं लागलं नाही. मुंगसाचं तिने तेव्हा कुठे कबूल केलं. लक्षणं दिसल्यावर उपाय उरत नाही, हेही मामाच सांगायचा. इस्पितळात नेल्यावर चौथ्या दिवशी मामी गेली.

"तुम्ही याच खात्यातले, आणि घरातलं कळलं नाही?" तिथल्या डॉक्टरने मामाला सगळ्यांदेखत विचारलं. मला त्या डॉक्टरचा संताप आला. तोंड मात्र मी उघडलं नाही.

मामा आता कुणालाच काही सांगत नाही. मला एकदाच विचारलं, "तुला तरी बोलली होती का ती?"

"नाही," मी म्हटलं.

"मग माझ्याच कटकटीपायी लपवलं तिने," मामा म्हणाला. मी त्याला तसं समजू दिलं.