पेंडसे सरांचा उजवा हात

परवा मुलीच्या व्हायोलिनच्या पेटीतून गजाला लावायच्या राळेचा वास आला आणि मुलुंडच्या शाळेतला तालमीचा तो रविवार माझ्या अंगावर धावून आला.

पेंडसे सर आमच्या हौशी वाद्यवृंदाचे बावीस वर्षांपासूनचे संचालक. आम्हां नोकरदारांना इंग्रजी नोटेशन वाचता येत नसे, म्हणून प्रत्येकाचे स्वर ते स्वतः देवनागरीत लिहून आणत.

त्या दिवशी ते मला म्हणाले, "तीन रविवार कुठे होतास रे? तुझा सोलो आता शिंदे वाजवेल. तू मागे बस."

कोणीतरी हसले. मी समोरचा, स्वरांचे कागद ठेवायचा लोखंडी स्टँड उचलला आणि त्यांच्या उजव्या हातावर हाणला. एकदा नव्हे, दोनदा. बोटे मोडल्याचा आवाज आला, रक्त त्यांच्याच अक्षरांवर उडाले. तेव्हा मला केवळ माझा अपमान दिसत होता. आज केवळ तो हात दिसतो.

रिक्षाने त्यांना दवाखान्यात मीच नेले. सरांच्या पत्नी, आमच्या काकू, धावत आल्या.

"अहो, हे काय झालं?"

"स्टँड पडला गं हातावर. विचार ना याला."

मान खाली घालून मी म्हणालो, "हो काकू, पडला."

काकूंनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "बरं झालं बाबा, तू सोबत होतास."