पाटणचं वादळही मनुबाई

आमच्या शेजारचे आकाराम दुसऱ्या महायुद्धानंतर फौजेतून जपानात पहारा करून सत्तेचाळीसात कोरेगावजवळच्या आमच्या गावी परतले. पारावर त्यांनी सांगितलं, तिकडे अमेरिकन शिपाई वादळांना आपल्या बायकांची नावं देतात; दोन समुद्रांवरच्या दोघांच्या बायकांचं नाव एकच निघालं, तर वादळंही एकाच नावाची.

वैशाखात वाऱ्यानं कडब्याची गंज उधळली, तेव्हा कुणीतरी विचारलं, "आकाराम, ह्या वादळाचं नाव काय रं?"

"मनुबाई!" ते हसत म्हणाले. मनुबाई त्यांची बायको. चारचौघांत बायकोचं नाव घ्यायची आमच्याकडे रीत नव्हती. माणसं हसून लोळली. नाव तोंडोतोंडी पसरलं.

पुढे कोरेगावच्या बाजारात नवरा-बायको वांगी विकत बसली होती. पाटणकडचं एक अनोळखी गिऱ्हाईक म्हणालं, "परवा आमच्याकडं मनुबाई आली गड्या, दोन छपरं घिऊन गेली. लय वंगाळ बाई!" मनुबाईंनी पदर पुढे ओढला आणि वांगी तोलत राहिल्या. आकारामांना मान वर करवेना.

दोन दिवसांनी आभाळ भरून आलं. पारावरून हाक आली, "आली का रं मनुबाई?"

"न्हाई," आकाराम अंगणातून म्हणाले. "ह्यो आकाराम हाय. आजपासनं वादळाचं नाव आकाराम."

गावानं तेही मजेत उचललं. मनुबाई मात्र नवऱ्याचं नाव कधीच घेत नसत. दारातून त्या एवढंच म्हणाल्या, "आवं, वारं सुटलंय, आत या."

आकाराम अंगणातच उभे राहिले. आत जायला त्यांना तोंड नव्हतं.